आवाजाला आकार देणारे दामलेमामा

प्रतिनिधी, तळवडे

देहू-आळंदी रस्त्यावर तळवडे हे गाव आहे. एका अंगाला तुकोबांचे देहू, दुसऱ्या अंगाला माउलींची आळंदी आणि मध्ये लेथ मशिनची वर्कशॉप, पत्रे कापणारे प्रेस, माल भरून उभे असलेले टेम्पो आणि आयटी पार्कच्या काचेच्या इमारती, असा हा पट्टा. १९९७ मध्ये गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले आणि बघता बघता शेतांच्या जागी शेड उभ्या राहिल्या. इंद्रायणी मात्र अजूनही गावाला लागूनच वाहते. या रस्त्याच्या दोन टोकांवरील दोन संतांना मराठी पडद्यावर आणणारी माणसे मात्र एकच होती. १९३६ चा 'संत तुकाराम' आणि १९४० चा 'संत ज्ञानेश्वर' या दोन्ही चित्रपटांचे दिग्दर्शक होते विष्णुपंत गोविंद दामले आणि शेख फत्तेलाल. चित्रपटसृष्टीत ही जोडी दामलेमामा आणि साहेबमामा या नावांनी ओळखली जाई.

दिग्दर्शक म्हणून दामले यांचे नाव इतिहासात पक्के झाले आहे. परंतु 'प्रभात'च्या कारखान्यात त्यांचे मूळ काम वेगळे होते. ते आवाजाचे माणूस होते. मराठी बोलपट बोलू लागला, तेव्हा त्याचे बोलणे फितीवर उतरवून घेण्याची जबाबदारी पेणहून आलेल्या या पडदे रंगवणाऱ्या चित्रकारावर पडली होती. हा प्रवास कसा झाला, हे आज पुन्हा सांगण्याजोगे आहे. कारण संगणकावर चार तासांत गाणे तयार करणारी आजची मंडळी अखेरच्या टप्प्यावर मात्र पुन्हा व्हॉल्व्हच्या आणि ट्रान्सफॉर्मरच्या जुन्या यंत्रांकडे वळू लागली आहेत. तयार गाण्यावर शेवटचा हात फिरवून ते श्रोत्यांपर्यंत नेण्याजोगे करणे, याला स्टुडिओच्या भाषेत मास्टरिंग म्हणतात. त्यासाठी १९५० आणि १९६० च्या दशकांतील जड लोखंडी पेट्यांना आज लाखांच्या घरात किंमत येते. दामले यांच्या वाट्याला या पेट्याही आल्या नव्हत्या.

पडद्यांपासून पडद्यापर्यंत

विष्णुपंतांचा जन्म १४ ऑक्टोबर १८९२ चा, तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील पेणचा. आज हे गाव गणेशमूर्तींसाठी सर्वदूर ओळखले जाते. रंग आणि आकार यांची ओढ असलेला हा तरुण कोल्हापुरात आनंदराव पेंटर यांच्याकडे दाखल झाला. आनंदराव आणि त्यांचे चुलतबंधू बाबूराव यांचे मूळ आडनाव मेस्त्री. सुतारकाम, मूर्तिकाम, चित्रकला आणि यंत्रांची दुरुस्ती हे सारे त्या घरात एकाच हाताने चालत असे. संगीत नाटक मंडळ्यांना त्या काळी राजवाड्याचा, अरण्याचा, रस्त्याचा रंगवलेला पडदा लागे आणि पेंटर बंधूंच्या पडद्यांना मोठी मागणी होती. फत्तेलाल हेही याच वर्तुळातले. पेणचा ब्राह्मण आणि कागलचा मुसलमान यांची मैत्री तिथेच जुळली आणि ती अखेरपर्यंत टिकली.

आनंदरावांना हलत्या चित्रांचे वेड लागले होते. स्वतःचा कॅमेरा तयार करावा ही त्यांची इच्छा. १९१६ मध्ये त्यांचे निधन झाले आणि ते काम बाबूरावांनी पुढे नेले. १९१८ च्या सुमारास कोल्हापुरातच कॅमेरा तयार झाला व महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. १९२० मध्ये तिचा 'सैरंध्री' पुण्यात झळकला. या कंपनीत कामाची वाटणी आजच्यासारखी नव्हती. सकाळी नेपथ्य रंगवणारा माणूस दुपारी कॅमेऱ्यामागे उभा राही आणि रात्री फिती धुण्याच्या खोलीत हात ओले करी. दामले तिथे सुमारे दहा वर्षे होते. याच दहा वर्षांनी पुढे त्यांना ध्वनिमुद्रक केले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. त्याचे कारण पुढे येईलच.

१९२८ मध्ये दामले-फत्तेलाल यांनी 'महारथी कर्ण' हा मूकपट दिग्दर्शित केला. त्यानंतर वर्षभरात ही मंडळी बाबूरावांपासून वेगळी झाली. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीची स्थापना झाली. शांताराम वणकुद्रे म्हणजे व्ही. शांताराम, केशवराव धायबर, फत्तेलाल, दामले आणि भांडवल पुरवणारे सीताराम कुलकर्णी असे पाच भागीदार. दिग्दर्शन शांतारामांकडे, कॅमेरा धायबरांकडे, कला फत्तेलालांकडे. मितभाषी दामल्यांकडे तांत्रिक बाजू आली. पहिल्या दोन वर्षांत 'प्रभात'ने सहा मूकपट काढले. सारे काही ठीक चालले होते, तोच मुंबईत चित्रपट बोलू लागला.

चित्रकाराला कळलेला आवाज

१४ मार्च १९३१ रोजी अर्देशीर इराणी यांचा 'आलम आरा' मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला आणि मूकपटांचे दिवस भरले. बोलपट ही चार दिवसांची हौस ठरेल, असा सुरुवातीला खुद्द शांतारामबापूंचा कयास होता. तो चुकला हे ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. 'प्रभात'ने बोलपट करायचे ठरवले, परंतु करणार कोण? ध्वनिमुद्रण शिकवणारी एकही संस्था तेव्हा देशात नव्हती. मुंबईत पहिल्या बोलपटासाठी विल्फर्ड डेमिंग नावाचा अमेरिकन तंत्रज्ञ यंत्राबरोबर आला होता. कोल्हापुरात ते काम दामल्यांनी अंगावर घेतले.

इथे थोडे थांबून, तेव्हाचे ध्वनिमुद्रण म्हणजे नेमके काय होते हे पाहिले पाहिजे. चुंबकीय टेप त्या वेळी भारतात कोणी पाहिलीही नव्हती. चित्रपटाचा आवाज प्रकाशाने फितीवर लिहिला जाई. मायक्रोफोनपुढे गायिलेल्या सुराचे विजेच्या कंपनांत रूपांतर होई. ही कंपने अत्यंत क्षीण. काचेच्या व्हॉल्व्हमधून नेऊन ती वाढवावी लागत. वाढवलेली वीज एका प्रखर दिव्याच्या प्रकाशझोताला नाचवी आणि तो झोत केसाहून बारीक अशा फटीतून सरकत्या फितीवर पडे. काही यंत्रांत प्रकाशाची तीव्रता बदले, तेव्हा फितीवर फिकट-गडद अशा आडव्या रेघा उमटत. काहींत प्रकाशाची रुंदी बदले, तेव्हा डोंगरांच्या रांगेसारखी नक्षी उमटे. चित्राशेजारी जेमतेम अडीच मिलिमीटर रुंदीची ही पट्टी. त्या अडीच मिलिमीटरमध्ये दुर्गा खोटे यांचा आक्रोश बसवायचा, गोविंदराव टेंबे यांचे गाणे बसवायचे आणि साथीची पेटी-तबलाही बसवायचा.

आता लक्षात येईल की, दामले यांच्यासारख्या माणसाला हे यंत्र का उमगले असावे. या पद्धतीत आवाज म्हणजे एक चित्रच होते. ते उजेडाने काढायचे, रसायनात धुवायचे, वाळवायचे आणि पुन्हा दुसऱ्या फितीवर छापायचे. ध्वनीची निगेटिव्ह किंचित जास्त वेळ रसायनात राहिली तर काळा रंग दाट होई, बारीक रेघा एकमेकींत मिसळत आणि 'स', 'श' ही अक्षरे खरखरीत ऐकू येत. कमी वेळ राहिली तर आवाज पातळ होऊन त्यात सरसर मिसळे. म्हणजे गाणे कसे ऐकू येणार, याचा अर्धा निवाडा मायक्रोफोनपुढे आणि अर्धा धुलाईच्या काळोख्या खोलीत होई. आज ज्याला मास्टरिंग म्हणतात, त्याची जागा त्या काळी ही खोली होती. ज्याने दहा वर्षे रंगाची दाट-फिकट पारख केली आणि मूकपटांच्या फिती हाताळल्या, त्याच्या दृष्टीने हे काम परके नव्हते. इंजिनिअरिंगची पदवी घेतलेल्या माणसाला कदाचित पहिला अर्धा भाग अधिक चांगला जमला असता; दुसरा जमला असता का, याविषयी शंका आहे.

यंत्राची आणखी एक अट होती, ती तळवड्यातील कोणत्याही लेथवरच्या कामगाराला चटकन समजेल. फीत एकसारख्या गतीने फिरली पाहिजे. सेकंदाला चोवीस चौकटी, म्हणजे मिनिटाला नव्वद फूट. प्रत्येक चौकटीला चार भोके, म्हणजे दातेरी चक्रावरून सेकंदाला शहाण्णव भोके सरकणार. चक्राचे दाते किंचित झिजलेले असले तरी त्या शहाण्णवच्या ठेक्यावर स्वर थरथरू लागतो आणि तानपुऱ्याचा षड्‌ज हेलकावे खातो. संवादात हा दोष खपून जातो. गाण्यात मात्र कान लगेच ओळखतो. म्हणून जड चाके, घट्ट बेअरिंगे आणि रोजची तेलपाण्याची निगा हीदेखील संगीताचीच सेवा होती. सहा हजार कंपनांचा एक उंच सूर घेतला, तर त्याच्या एका लाटेला फितीवर मिळणारी जागा मिलिमीटरच्या तेराव्या भागाहून अधिक नाही. प्रकाशाची फट त्याहूनही बारीक राखावी लागे आणि धुळीचा एक कण ती बुजवायला पुरेसा असे.

पहिला बोलपट

'अयोध्येचा राजा' १९३२ च्या आरंभी प्रदर्शित झाला. हिंदी आवृत्ती जानेवारीत, मराठी फेब्रुवारीत. उपलब्ध मराठी बोलपटांतील हा पहिला. हरिश्चंद्राच्या भूमिकेत आणि संगीत दिग्दर्शनातही गोविंदराव टेंबे, तर तारामतीच्या भूमिकेत दुर्गा खोटे. दोन भाषांत एकाच वेळी चित्रीकरण, म्हणजे प्रत्येक प्रसंग आणि प्रत्येक गाणे दोनदा मुद्रित करणे आले.

पार्श्वगायन तेव्हा अस्तित्वात नव्हते. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने ते १९३५ मध्ये रुळवले. तोवर नट कॅमेऱ्यासमोर उभा राहून गात असे, वादक चौकटीबाहेर किंवा नेपथ्यातील झाडामागे दडून बसत आणि बहुधा एकच मायक्रोफोन डोक्यावर टांगलेला असे. गाणे आणि साथ यांचा तोल साधायचा, तर वादकाला दोन हात मागे सरकवायचे किंवा गायकाला अर्धे पाऊल पुढे आणायचे, एवढाच उपाय. कॅमेऱ्याची घरघर आवाजात येऊ नये म्हणून त्याला गोधडीसारखे गुंडाळावे लागे. पाखरे, रातकिडे आणि रस्त्यावरची बैलगाडी यांनी त्या काळच्या प्रत्येक बोलपट कंपनीला छळले आहे. एक चूक झाली की संपूर्ण गाणे पुन्हा.

खरी कसोटी मात्र गायकांची होती. संगीत नाटकाच्या रंगभूमीवर तयार झालेला गळा थिएटरच्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचण्यासाठी तापवलेला. हळुवार पद आणि अचानक वर उसळणारी तान यांतील अंतर प्रचंड. माणसाच्या कानाला ते सुखावते, पण फितीच्या पट्टीला ते झेपत नाही. फार हळू गायले तर सूर फितीच्या सरसरीत बुडतो, फार जोरात गायले तर प्रकाशाचा झोत पट्टीच्या बाहेर जातो आणि आवाज फाटतो. हे अंतर आपोआप आवरणारी यंत्रे स्टुडिओंत १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात येऊ लागली. आज संगीतप्रेमी तंत्रज्ञ ज्या फेअरचाइल्ड ६७० चे गोडवे गातात, तो तर १९५९ चा. त्यांच्या अगोदर हे काम ध्वनिमुद्रकाची बोटे करीत. एक डोळा थरथरणाऱ्या काट्यावर, कान हेडफोनमध्ये आणि बोटे आवाज कमी-जास्त करणाऱ्या खुंटीवर. तान सुरू झाल्यावर खुंटी फिरवून उपयोग नाही. ती येणार हे क्षणभर आधी कळले पाहिजे. म्हणजे ध्वनिमुद्रकाला गाणे गायकाइतकेच पाठ हवे, आणि खुंटी इतक्या बेताने फिरवायला हवी की ऐकणाऱ्याला तिचा पत्ता लागू नये. 'अयोध्येचा राजा' आज पाहताना दुर्गाबाईंच्या किंवा गोविंदरावांच्या गाण्यात आवाज सहसा फाटत नाही. त्यामागे हे न दिसणारे बोटांचे काम आहे.

तुकोबांचा आवाज

१९३३ मध्ये 'प्रभात' पुण्याला आली. कोल्हापुरात सोयी अपुऱ्या पडू लागल्या होत्या. शहराबाहेर, आजच्या लॉ कॉलेज रस्त्यालगत नवा स्टुडिओ उभा राहिला. त्याच्या शेजारचा प्रभात रोड आजही तिचे नाव चालवतो आणि त्या आवारात १९६० पासून चित्रपट प्रशिक्षण संस्था आहे. 'अमृतमंथन'पासून केशवराव भोळे संगीत दिग्दर्शक म्हणून आले. केशवरावांच्या आगमनाने 'प्रभात'च्या आवाजाचा पोतच बदलला. नाटकी आलापीपेक्षा प्रसंगाला साजेसा भाव त्यांना हवा होता आणि पियानो, हवाईयन गिटार यांसारखी वाद्येही त्यांनी धीटपणे वापरली.

मग आला 'संत तुकाराम'. शिवराम वाशीकरांचे लेखन, केशवरावांचे संगीत, तुकोबांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस आणि जिजाईच्या भूमिकेत गौरी. पागनीस हे स्त्रीभूमिका केलेले नट; भजन मात्र अंतःकरणापासून गात. फत्तेलालांनी देहू गाव स्टुडिओतच उभे केले. या चित्रपटाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे; चमत्कारांविषयी, वैकुंठगमनाविषयी, जिजाईच्या रोखठोक बोलण्याविषयी. त्याच्या आवाजाविषयी मात्र क्वचितच.

तो ऐकावा, म्हणजे डोळे मिटून ऐकावा. तुकोबा गात आहेत असे वाटते. गायक गात आहे असे वाटत नाही. बोलण्यातून अभंग कधी सुरू झाला, हे कळत नाही. पागनीस मोठ्याने गात नाहीत. वारकरी जसा काम करता करता गुणगुणतो आणि गुणगुणता गुणगुणता मोकळा होतो, तसे ते गातात. 'अयोध्येचा राजा'तील भारदस्त गायकीपासून चार वर्षांत इथवर येणे हे केशवरावांच्या चालींचे आणि पागनीसांच्या भावाचे यश खरेच. पण इतका हळुवार आवाज फितीच्या सरसरीत न बुडता थिएटरच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचला, हे ध्वनिविभागाचे यश आहे. त्या विभागाची घडी बसवणारा माणूसच या वेळी दिग्दर्शकाच्या खुर्चीत होता. कोणत्या प्रसंगात नटाने किती हळू बोलले तरी चालेल, हे त्याला कोणाला विचारावे लागत नव्हते. दामले-फत्तेलाल यांचा साधेपणा असे समीक्षक ज्याला म्हणतात, त्यातला निदान काही भाग तरी या जाणिवेतून आला असावा, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी रचलेला एक अभंग इतका अस्सल उतरला की, तो गाथेतीलच आहे असे अनेक जाणकारांनाही वाटले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. शब्दांनी जी किमया केली, तीच आवाजानेही केली. पागनीसांचा तो गळा पुढे महाराष्ट्राच्या मनात तुकोबांचा गळा होऊन बसला. लोक त्यांना पाहून हात जोडत.

१२ डिसेंबर १९३६ रोजी चित्रपट प्रदर्शित झाला. मुंबईत तो एकाच चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ, ५७ आठवडे चालला. बैलगाड्या जोडून माणसे तो पाहायला आली. १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात त्याचा गौरव झाला. असा मान मिळवणारा तो पहिला भारतीय चित्रपट. सुमारे १३१ मिनिटांचा हा चित्रपट म्हणजे जवळपास बारा हजार फूट फीत, आणि तिच्या कडेने तेवढीच लांब आवाजाची रेघ.

पुढच्या काळात 'प्रभात'च्या श्रेयनामावलीत ध्वनिमुद्रक म्हणून शंकरराव दामले यांचे नाव दिसू लागते. १९३७ च्या 'कुंकू'त शांताराम आणि केशवराव यांनी पार्श्वसंगीतच वगळले. घड्याळाचा टिकटिकाट, दाराचा आवाज, हाताशी असलेल्या वस्तूंचे नाद यांवरच सारे काम भागवले. हा प्रयोग करण्याचे धाडस होण्यासाठी ध्वनिविभागावर केवढा विश्वास हवा, हे सांगायला नको. दामले-फत्तेलाल यांनी १९३८ मध्ये 'गोपाळकृष्ण' केला, १९४० मध्ये 'संत ज्ञानेश्वर' आणि १९४१ मध्ये राजा नेने यांच्यासमवेत 'संत सखू'. शाहू मोडक यांचा ज्ञानेश्वर घरोघरी पोहोचला. चालत्या भिंतीने प्रेक्षक थक्क झाले. तुकोबांच्या चित्रपटातील ओलावा मात्र या चित्रपटाला तितकासा साधला नाही. त्यात चमत्कारांचा थाट अधिक आहे.

अखेरची वर्षे

त्यानंतरचा काळ ओहोटीचा. धायबर आधीच बाहेर पडले होते. १९४२ मध्ये शांतारामांनीही 'प्रभात' सोडली व मुंबईत राजकमल उभारले. पाच जणांच्या त्या घरात आता फूट पडली होती आणि युद्धामुळे कच्च्या फितीची टंचाई होती. १९४४ चा 'रामशास्त्री' हे कंपनीचे अखेरचे मोठे यश. दामले यांची प्रकृती खालावत गेली. ५ जुलै १९४५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय अवघे ५२. टेपरेकॉर्डर, एलपी रेकॉर्ड, स्टिरिओ यांपैकी काहीही त्यांनी वापरले नाही. 'प्रभात'ही त्यांच्यामागे फार काळ टिकली नाही. १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात ती बंद पडली. चित्रपटांच्या निगेटिव्ह दुसऱ्यांच्या हाती गेल्या आणि पुढे विष्णुपंतांचे चिरंजीव अनंतराव दामले यांनी त्या परत मिळवल्या. मराठी माणसाला आज हे चित्रपट पाहायला मिळतात, याचे श्रेय या खटाटोपालाही आहे.

परंतु मूळ आवाजाचे काय, हा प्रश्न उरतोच. त्या काळची फीत नायट्रेटची. ती जपली तरी काळाबरोबर कुजते आणि एकदा पेटली की पाण्यानेही विझत नाही. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात चित्रपट संस्थेच्या आवारातील नायट्रेट फितींच्या कोठाराला आग लागली. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ताब्यातील शेकडो चित्रपटांच्या फिती तीत खाक झाल्या. 'प्रभात'च्या जुन्या फितीही त्यांत होत्या. सुदैवाने सुरक्षित फितींवर प्रती आधीच काढून ठेवलेल्या होत्या, म्हणून चित्रपट वाचले. तथापि प्रत ही प्रतच. प्रकाशाने लिहिलेली रेघ एका फितीवरून दुसरीवर छापताना दरवेळी थोडी बोथट होते, थोडी घाण तिच्यावर चढते. चित्रावरील ओरखडा डोळा क्षमा करतो. आवाजावरील ओरखडा दर वेळी फटकन वाजतो.

आता जुन्या चित्रपटांचे संगणकावर पुनरुज्जीवन सुरू झाले आहे आणि तिथे एक नाजूक पेच आहे. यंत्राला सरसर काढून टाक म्हटले की ते निमूटपणे काढते. पण त्या काळच्या पट्टीवर उंच सुरांना मुळातच कमी जागा होती. टाळाची किणकिण याच उंच भागात राहते. तिचा बराचसा अंश मुद्रित होतानाच गळून गेला. जो थोडा उरला, तो आज सरसरीच्या अगदी शेजारी आहे. सरसर जास्त पुसली तर टाळ लाकडाच्या चिपळ्यांसारखे बद्द वाजू लागतात, आणि पागनीसांच्या गळ्याभोवतीची हवा नाहीशी होते. कमी पुसली तर इअरफोन लावून ऐकणारा तरुण दोन मिनिटांत चित्रपट बंद करतो.

दूरचित्रवाणीवर आणि इंटरनेटवर आढळणाऱ्या 'संत तुकाराम'च्या काही प्रतींत नेमके हेच झाले आहे. एका प्रतीत आवाज स्वच्छ पण निर्जीव, दुसरीत खरखरीत पण जिवंत. प्रस्तुत लेखकाची पसंती दुसरीला. इंद्रायणीकाठच्या प्रसंगात, अभंग संपून पुढचा शब्द येण्यापूर्वीच्या त्या क्षणात, या खरखरीत प्रतीत टाळाचा एक मिटत जाणारा नाद अजून ऐकू येतो.